अन्ननलिकेतून बोलताना

माझा आवाज मोठा होता. मुखेड तालुक्यातल्या आमच्या वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीला घोषणा द्यायला मलाच पुढं करायचे. वस्तीतला पहिला बी.एस्सी. मी, पण लोकांना डिग्रीपेक्षा आवाजाचंच कौतुक जास्त. आई म्हणायची, "ह्याची हाक वढ्याच्या पल्याड जाती."

नोकरी लागली ती औसा तालुक्यातल्या एका हायस्कुलात, विज्ञान शिक्षक म्हणून. राहायला खोली औशाला होती, म्हणून त्र्याण्णवच्या भूकंपात मी वाचलो. त्या पहाटे शाळेच्या भिंती खाली आल्या आणि निम्मं गाव मातीत गेलं. काही आठवड्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मी काही नावांपाशी अडखळलो, आणि वर्गानं मान खाली घातली. ती नावं मी पुन्हा घेतली नाहीत. शेडमध्ये एका बाजूला आठवी, दुसऱ्या बाजूला नववी, मध्ये गोणपाटाचा पडदा. वारा सुटला की पत्रे थडथडायचे आणि पोरं दचकून बाहेर पळायची. मी बोलत राहिलो तर मात्र बसून राहायची. त्यामुळे पत्र्याच्या वर आवाज काढून मी दोन वर्षं न थांबता शिकवलं.

मदतीचं सामान घेऊन लातूरचे एक क्लासचालक तिकडं यायचे. त्यांनी एकदा शेडबाहेर उभं राहून माझा अख्खा तास ऐकला. "सर, तुम्हाला माइक लागत नाही," एवढंच म्हणाले. पुढच्या जूनमध्ये मी लातूरला त्यांच्याकडे जीवशास्त्र शिकवायला उभा होतो.

लातूरच्या निकालांचा तेव्हा राज्यभर गाजावाजा सुरू झाला होता. गल्लोगल्ली क्लास, प्रत्येक घरावर 'रूम भाड्याने देणे आहे'ची पाटी, मेसचे डबे घेऊन पळणाऱ्या सायकली. हदगाव, देगलूर, उदगीर, मुखेड, कुठून कुठून पोरं-पोरी यायची. एका हॉलमध्ये दोनशे जण, मांडीला मांडी लावून. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं. सकाळी सहाला पहिली बॅच, संध्याकाळी आठला शेवटची. शेवटच्या बाकावरच्या पोरालाही फळ्याकडं न बघता नुसतं ऐकून हृदयाचे चार कप्पे कळले पाहिजेत, असा माझा हट्ट. आणि दोन बॅचच्या मध्ये टपरीवर चहा आणि एक सिगारेट. कधी दोन. धूम्रपानाचे दुष्परिणाम शिकवून मी त्या टपरीवर जात असे, हेही सांगून टाकतो.

एका दिवाळीनंतर आवाज बसला. शिकवणाऱ्या माणसाचा घसा बसतोच, त्यात काही विशेष नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध प्यालो, मिठाच्या गुळण्या केल्या. आवाज दोन दिवस सुधारायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घोगरा व्हायचा. असे चार महिने गेले. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती एका सकाळी डबा भरता भरता म्हणाली, "मी पण दिवसभर ओरडते. चाळीस पोरं आहेत पहिलीची. माझा घसा रविवारी बरा होतो. तुमचा का होत नाही?"

मी म्हटलं, "परीक्षा होऊ दे."

"कुणाची परीक्षा?" तिनं विचारलं, आणि त्याच संध्याकाळी ती मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

डॉक्टरांनी जीभ धरून छोटा आरसा घशात घातला. बराच वेळ बघितलं. मग आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि हात धुवायला लागले. हात पुसत म्हणाले, "सर, माझी मुलगी तुमच्याच बॅचला आहे. म्हणून आडपडदा न ठेवता बोलतो. स्वरयंत्रावर गाठ आहे. मला ती चांगली वाटत नाही. तुम्ही हैदराबादला जा, आणि उद्याच जा. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला की दाखवायचं असतं, सर. चार महिने कुणी थांबतं का?"

बायकोनं पर्समधून कागद काढून हैदराबादच्या रुग्णालयाचा पत्ता लिहून घेतला. तिचं अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं होतं, ते बघून मला धीर आला.

हैदराबादला तपासण्या झाल्या. गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल आला तेव्हा मी एक विचित्र मागणी केली. म्हटलं, मला ती काचपट्टी बघायची आहे. तिथली तरुण डॉक्टरीणबाई गोंधळली. पेशंट असं मागत नाहीत, म्हणाली. मी जीवशास्त्राचा मास्तर आहे म्हटल्यावर वरिष्ठांना विचारून आली आणि मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

कर्करोग म्हणजे पेशींचं अनियंत्रित विभाजन. हे वाक्य मी कित्येक बॅचना लिहून दिलं होतं. पेपरात दोन मार्कांना यायचं. भिंगाखाली जे दिसलं ते त्या वाक्यात मावत नव्हतं. फरशी बसवावी तशा एकमेकींना लागून बसलेल्या पेशी एका बाजूला होत्या, आणि तिथून पुढं सगळा बेबनाव. लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, केंद्रकं फुगून काळीभोर झालेली. मध्येच कांद्याच्या कापासारखी गोल गोल वलयं. "यांना आम्ही मोती म्हणतो," ती हिंदीत म्हणाली. "हे दिसले म्हणजे पेशी आपलं मूळ काम अजून पूर्णपणे विसरलेल्या नाहीत." मी बराच वेळ बघत बसलो. भीती गेली असं म्हणणार नाही, पण तिला आता एक आकार आला होता.

सर्जन वयस्कर होते, अस्सल हैदराबादी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची बोली त्यांच्या तोंडी ऐकून बरं वाटलं. "मास्टरसाब, गांठ अंदर की कुर्री हड्डी में घुस गई," ते म्हणाले; कुर्री हड्डी म्हणजे कूर्चा. "सिरफ सेक से काम नै होता. पूरा आवाज का डब्बा निकालना पडता. सांस यहाँ से लेते आप." त्यांनी स्वतःच्या गळ्याच्या खळगीवर बोट ठेवलं.

"और आवाज?"

"पहले जान, मास्टरसाब. बात करना बाद में सिखाते हम लोगां."

मी त्यांना विचारलं, नुसत्या किरणांनी भागणार नाही हे तुम्हाला कसं कळलं? कुणीतरी आधी तसं करून बघितलं असणार. त्यांना हा प्रश्न आवडला. ते म्हणाले, आधीचे पेशंट वर्षानुवर्षं तपासायला येत राहिले, त्यांनी आपली माहिती लिहून ठेवू दिली, त्यातून हळूहळू समजत गेलं की कुणाला काय दिल्यानं गुण येतो. मग त्यांनी माझ्यासमोर एक संमतीपत्र ठेवलं. शस्त्रक्रियेत काढलेला भाग अभ्यासासाठी ठेवायचा का आणि पुढच्या तपासण्यांच्या नोंदी वापरायच्या का, एवढाच त्यात प्रश्न होता. नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं. मी ते पत्र दोनदा वाचलं, तीन शंका विचारल्या आणि सही केली. माझ्या आधीच्या अनोळखी माणसांनी तशाच सह्या केल्या होत्या म्हणून तर मला उत्तर मिळालं होतं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी बायको म्हणाली, "काहीतरी बोला ना." मी घोगऱ्या आवाजात शाळेबद्दल, घराच्या किल्लीबद्दल, काहीबाही बोलत राहिलो. ती म्हणाली, "हे नको. मला हाक मारा." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण मी तिला 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती. आमच्याकडं रीतच तशी. त्या दिवशी मी तिला नावानं हाक मारली. शेजारच्या खाटेवरचे तेलुगू आजोबा वळून बघायला लागले तरी आणखी दोनदा मारली.

जाग आली तेव्हा गळ्याला भोक होतं आणि श्वास तिथून ये-जा करत होता. खोकला आला तर तोंडाऐवजी गळा खोकायचा. नाकातून नळी घातलेली, तिच्यातून पातळ अन्न पोटात. बोलायला गेलो की ओठ हलायचे, दुसरं काही नाही. बायकोनं नर्सकडून गळ्यातली नळी काढायला, धुवायला, परत बसवायला शिकून घेतलं. पहिल्या वेळी नर्सनं तिचा हात धरून नळी बसवून घेतली. चौथ्या वेळी ती नर्सशी माझ्या डोक्यावरून साड्यांबद्दल बोलत बोलत नळी बसवत होती.

मग किरणांचे सहा आठवडे. घसा भाजून निघाला, चव गेली. नाकातून हवाच जात नसल्यामुळे वासही गेला. मी पाटीवर लिहून बोलायचो, आणि लिहायचाही कंटाळा आला की भिंतीकडं तोंड करून पडायचो. तिथल्या वाचाउपचार तज्ज्ञ बाईंनी आवाजाचे पहिले धडे द्यायचा प्रयत्न केला, पण माझं मन त्यात नव्हतं. निघताना त्यांनी एका कागदावर नांदेडचा पत्ता दिला. म्हणाल्या, "दर गुरुवारी तिथं एक गृहस्थ येतात. आमचेच जुने पेशंट. आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात."

लातूरला परतल्यावर क्लासचालक घरी भेटायला आले. भला माणूस. म्हणाले, "सर, तुम्ही नोट्स काढा, पेपर सेट करा. तुमची जागा कुठं जात नाही." मी पाटीवर 'आभारी आहे' लिहिलं. ते गेल्यावर ती पुसता पुसता मला कळलं की आपण आता खोलीत बसून प्रश्नपत्रिका काढणारा माणूस झालो. चार पर्याय, एक बरोबर. पुढचे दोन महिने मी तेच केलं. हॉलमधून दुसऱ्या शिक्षकांचा आवाज यायचा. त्यांनी चुकीचं उदाहरण दिलं तरी मला दार उघडून सांगता यायचं नाही.

शेवटी बायकोच म्हणाली, "तो नांदेडचा कागद कुठं आहे?"

एका गुरुवारी आम्ही अहमदपूर, लोह्यावरून नांदेडला गेलो. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. आठ-दहा माणसं बाकांवर बसलेली, सगळ्यांच्या गळ्याला ओल्या फडक्याचा छोटा पडदा. मधोमध एक काटक, उंच म्हातारा माणूस उभा. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला, लोह्याचा. खोलीत त्याला सगळे मास्तर म्हणत होते, आणि मी खरा मास्तर दारात पाटी धरून उभा.

"या सर, या," तो म्हणाला. आवाज जाड, खरखरीत, ढेकरेसारखा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. माझ्या बायकोनं माझा दंड घट्ट धरला. "ती पाटी ठिवा तिकडं. हितं पाटीवाल्याला चहा न्हाई."

मी पाटी ठेवली नाही. तिच्यावर लिहिलं, 'माझं स्वरयंत्र पूर्ण काढलं आहे.'

त्यानं वाचलं आणि आपला पडदा वर उचलून गळ्याचं भोक दाखवलं. "माझं काय अर्धं ठिवलंय व्हय? लई वर्सं झाली. बसा."

माझ्या शिकवण्यात अन्ननलिकेच्या वाट्याला दोन मिनिटं यायची. लांबी सांगायची, स्नायूंच्या लाटा सांगायच्या, आणि जठराकडं निघायचं. या माणसानं मला अन्ननलिका शिकवायला सुरुवात केली. "छातीतल्या हवेची वाट आता बंद झाली, सर. ती इसरा. तोंडातली हवा जिभेनं मागं रेटायची. घशाच्या खाली, थोडीच. गिळायची न्हाई. पोटात गेली की गेली. पॅसिंजर पायरीवर हाय तवरच घंटी मारायची. समजलं? पायरीवरनंच माघारी बोलवायची. ती वर येताना जो थरथराट हुतो, तोच आपला आवाज."

एक जण लाजत लाजत म्हणाला की तो गोटी सोडा पिऊन ढेकर काढतो. मास्तरांनी त्याला झापलं. "सोड्याच्या नादी लागू नका. बाजारात बोलायचं झालं तर काय बाटली घिऊन हिंडनार?"

मग ते माझ्याकडं वळले. "म्हना. तिकीट."

मी ओठ हलवले. काही नाही.

"त, क, ट. तिन्ही अक्षरं अशी हायती की जीभ अडती आन् हवा आपसूक मागं ढकलली जाती. म्हनून हाच शब्द पैला. जल्मभर म्हटलाय मी. तिकीट."

त्या दिवशी माझ्याकडून एक साधी ढेकरही निघाली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी एक बेसूर गुरगुर आली आणि खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शरम वाटली. दोनशे पोरांसमोर रक्ताभिसरण धडाधड सांगणारा माणूस, आणि ढेकरेला टाळ्या घेतोय. त्या दिवशी मी पाटीवर लिहिलं, 'मला जमणार नाही.'

मास्तर माझ्याशेजारी येऊन बसले. खिडकीपाशी एक जण गळ्याला बॅटरीचं यंत्र लावून बोलत होता, त्याच्याकडं त्यांनी हात केला. "त्यांना न्हाई जमलं. वरीसभर केलं त्यांनी. आता मशीनवर नातवाला गोष्टी सांगत्यात. त्यात काय कमीपना हाय? तुमाला न्हाई जमलं तर तुमाला बी मशीन. पन मुक्यानं ऱ्हायचं न्हाई. आवाज कुठनं का येईना." जरा थांबून म्हणाले, "आपरेशन झाल्यावर मी सा महिने बायकूशी बोललो न्हाई. लिवता येत हुतं, तरी लिवलं न्हाई. राग आला हुता. कुनाचा ते बी ठावं नव्हतं. बिडी मीच वढली हुती."

त्यांचं हे ऐकून मी पाटी पुसली.

त्या दिवसापासून घरी रोज पहाटे आणि संध्याकाळी सराव. बायकोही समोर बसून माझ्याबरोबर हवा मागं ढकलायची. तिला माझ्याआधी जमलं, आणि शेजारच्या काकूंना वाटलं घरात पित्ताचा त्रास वाढलाय.

नांदेडहून परतताना तो दिवस आला. एस.टी. नुकतीच नांदेडच्या बाहेर पडली होती, अर्धी रिकामी. कंडक्टर तरुण होता, घाईत. आमच्यापाशी येऊन तो म्हणाला, "बोला." बायको पर्स उघडत होती. मी तोंड उघडलं, जीभ टाळूला टेकवली, आणि काय झालं कळलं नाही, पण आवाज निघाला.

"तिकीट."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. "तिकीटच देतो की काका. कुठलं देऊ?"

मी पुन्हा म्हटलं, "तिकीट." अगदी स्पष्ट.

"अहो, कुठलं?"

बायको हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. कंडक्टर बिचारा गांगरून गेला. "दोन लातूर," तिनं कसंबसं सांगितलं, "आणि तुम्ही पुन्हा एकदा विचारा त्यांना. विचारा." तो भला पोरगा. त्यानं पंच टिचकवला आणि मोठ्यानं विचारलं, "काय पाहिजे काका?" पुढच्या सीटवरची माणसं वळली. मी पूर्ण गाडीला ऐकू जाईल असं तिसऱ्यांदा म्हटलं.

एकदा वाट सापडल्यावर शब्द येत गेले. बटाटा. पाटी. कपाट. टोपी. मग दोन शब्द एका दमात, मग चार. 'दम' म्हणायची फक्त सवय. स्वर सगळ्यात अवघड. जीभ अडवायला काही नसतं तिथं. 'आई' हा शब्द शेवटी येईल, असं मास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. तो जमला त्या दिवशी मी गावातल्या किराणा दुकानात फोन लावला आणि आईला बोलवायला सांगितलं. ऑपरेशननंतर ती लातूरला येऊन राहून गेली होती. मी आता बोलणार नाही हे तिनं मनाशी मान्य करून टाकलं होतं.

"कोन हाय?" ती म्हणाली.

"आई, मी."

"मी कोन? कोन बोलायलंय?"

"तुझा थोरला."

मग ती हळूच म्हणाली, "पुन्यांदा म्हन."

"आई."

"अजून."

मी म्हणत राहिलो. तिनं फोन खाली ठेवला नाही. दुकानातल्या माणसांना ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "माझं लेकरू बोलायलंय! आवाज भसाडा हाय, पन बोलनं त्याचंच हाय!"

नंतर मी क्लासचालकांकडं गेलो. पाटी नेली नाही. म्हटलं, "मला एक तास द्या."

ते खुर्चीतून उठले. माझा हा नवा आवाज त्यांनी प्रथमच ऐकला होता. "सर, तुम्ही... वा. पण सर, पोरं वांड असतात. हसतील."

"हसू द्या. एक तास."

त्यांनी श्वसनसंस्थेचा तास दिला. मुद्दाम दिला की योगायोगानं, मी विचारलं नाही. हॉल भरलेला होता. मी माइक गळ्यात अडकवला, कारण आता तो लागणार होता. "नमस्कार," म्हटलं. मागच्या रांगेतून फिसकन हसू आलं आणि पुढच्या रांगेपर्यंत पसरलं. मी ते संपेपर्यंत उभा राहिलो.

"आवाज गमतीदार आहे," मी म्हणालो. "तो कुठून येतो, हा आजचा धडा आहे."

फळ्यावर नाक, घसा, श्वासनलिका, अन्ननलिका काढली. मग स्वरयंत्र डस्टरनं पुसून टाकलं आणि श्वासनलिका गळ्याच्या खळगीकडं वळवली. गळ्यावरचा पडदा उचलून दाखवला. मागच्या रांगांतली पोरं बघायला उठून उभी राहिली.

"आता सांगा. मी विहिरीत पोहू शकतो का?"

"नाही सर," चार-पाच आवाज आले. "पाणी डायरेक्ट फुफ्फुसात जाईल."

"चहा गरम आहे. फुंकर घालू शकतो का?"

"नाही सर. फुंकर तोंडातून, हवा तर गळ्यातून."

"मला शिंक आली तर?"

"गळ्यातून सर!" सगळे हसले, आणि या वेळी मीही हसलो. आवाज न करता, खांदे हलवून. हसायला मला अजून येत नव्हतं.

"बरं. मोगरा फुलला आहे. वास येईल?"

हदगावची एक मुलगी, तिसऱ्या रांगेतली, हळूहळू उठली. "नाही सर," ती म्हणाली. "नाकातून हवाच वर जात नाही, मग वासाच्या पेशींपर्यंत काही पोचणारच नाही." आणि बसण्याऐवजी ती उभीच राहिली. "पण सर, मग तुमचं स्वरयंत्र नाही, तर आवाजाचा कंप कुठं होतो?"

मला हवा होता तोच हा प्रश्न. पुढची वीस मिनिटं मी अन्ननलिकेवर बोललो. काचपट्टीवर बघितलेल्या पेशी काढून दाखवल्या, ते मोतीही काढले. टपरीवरच्या सिगारेटीबद्दल सांगितलं. चार महिने मी काय काय कारणं दिली तीही सांगितली, आणि घरात कुणाचा आवाज तीन आठवडे बसला तर काय करायचं ते सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. तास संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही. मग मागच्या रांगेतल्या, पहिल्यांदा हसलेल्या पोरानंच विचारलं, "सर, उद्या पण तुम्हीच ना?"

क्लासचालक दारात उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं.

"उद्या पण सरच," ते म्हणाले.

त्यानंतर मी अनेक वर्षं शिकवलं. तपासण्यांना हैदराबादला जात राहिलो. पाच वर्षांनी सर्जननी फाईल मिटून "अब साल में एक बार चेहरा दिखाने आना" म्हटलं. लातूरच्या त्या घशाच्या डॉक्टरांनी एक चांगलं काम सुरू केलं. ज्याचं स्वरयंत्र काढायचं ठरतं त्याला ते शस्त्रक्रियेच्या आधीच माझ्याकडं पाठवायला लागले. नांदेडला मास्तर होतेच, इकडं लातूरला रविवारी आमच्या घराच्या गच्चीवर मी. बायको चहा करायची, आणि पाटीवाल्यालाही द्यायची.

त्यात एक गृहस्थ आठवतात. आडत बाजारात शेतमालाच्या सौद्याचा पुकारा करणारे. ढिगाभोवती व्यापारी उभे, आणि हा माणूस ओरडून भाव वाढवत नेणारा. ऑपरेशनला तयार नव्हते. भावाला घेऊन आले होते. "सर," ते बसक्या आवाजात म्हणाले, "माझं पोट गळ्यावर हाय. गळा काढून मी जगू कशाला?"

मी त्यांना तासभर सगळं सांगितलं. काय जाईल ते लपवलं नाही. वास जाईल, पोहणं जाईल, फुंकर जाईल, पहिले महिने राग येईल. जमेलच असा शब्दही दिला नाही. माझा आवाज मात्र ते ऐकत होते, आणि मी बोलतोय त्यापेक्षा जास्त तोच ऐकत होते. शेवटी त्यांनी भावाला विचारलं, "हैदराबादची गाडी किती वाजता हाय रं?"

पुढच्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात त्यांच्या भावाचा निरोप आला, सर, सकाळी बाजारात या. मी गेलो. आवारात पिवळे ढीग लागले होते, धूळ उडत होती, हमाल पोती पालथी करत होते. एका ढिगापाशी गर्दी होती आणि गर्दीच्या मधून भोंग्यातून एक जाड, खरखरीत आवाज येत होता. गळ्याला धुळीसाठी दुहेरी पडदा बांधलेला, हातात छोटा भोंगा, दुसरा हात हवेत. आवाज पूर्वीइतका लांब जात नव्हता, म्हणून व्यापारीच पुढं सरकून उभे होते. ते एक आकडा पुकारायचे, कुणीतरी मान हलवायचं, ते पुढचा पुकारायचे. एका नव्या व्यापाऱ्यानं "काय म्हनले?" विचारलं, तर शेजारच्यानं त्याला गप्प केलं. "ऐक की नीट. सौदा चालू हाय."

त्यांनी मला बघितलं नाही. मी ढीग विकला जाईपर्यंत उभा राहिलो. ते पुढच्या ढिगाकडं वळले आणि गर्दीही त्यांच्यामागं गेली. मग मी घड्याळ बघितलं आणि नऊच्या बॅचसाठी रिक्षा केली.